घर सांभाळून ट्रेल रनिंग : नवख्यांसाठी वेळेच्या हिशेबासकट मार्गदर्शन

रस्त्यावर पाच किलोमीटर पळायला आपल्याला किती वेळ लागतो, हे दोन-तीन आठवड्यांत कळून चुकतं. ट्रेलवर, म्हणजे डोंगर-टेकड्यांतल्या किंवा रानातल्या कच्च्या पायवाटेवर, तसा भरवसा देता येत नाही. तेच पाच किलोमीटर सपाट मातीच्या वाटेवर ४० मिनिटांत होतात आणि दगडधोंड्यांच्या चढावर सव्वा तास खातात. घरी कुणी तुमच्या येण्यावर पुढची कामं लावून बसलं असेल, तर हा फरक फार महागात पडतो. आधी उशीर, मग नाराजी, मग पुढच्या वेळी दाराबाहेर पडतानाच अपराधी वाटणं, आणि एक दिवस बूट कपाटात जातात ते जातातच. त्यात उशीर झालेला माणूस शेवटच्या उतारावर घाई करतो, आणि थकलेल्या पायांनी उतारावर घाई केली की घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. वेळेचा हिशेब नीट बसला की घरची शांतता आणि पाय दोन्ही वाचतात. त्यामुळे इथे बुटांच्या आधी घड्याळ घेतलं आहे.

पायरी १ : आठवडा कागदावर मांडा

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हे करायचं आहे. सात दिवसांचे सात रकाने आखा. आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा: नोकरीच्या वेळा, मुलांना सोडणं-आणणं, स्वयंपाकाची पाळी, आजी-आजोबांची औषधं, जोडीदाराचा स्वतःचा वेळ आणि झोप. झोप लिहायला लोक विसरतात, आणि मग पळण्याची वेळ नेमकी तिच्यातूनच कापली जाते.

उरलेल्या जागेत तीन खिडक्या शोधा. दोन लहान, प्रत्येकी ४० ते ४५ मिनिटांच्या, घराजवळ करता येतील अशा. एक मोठी, दीड ते दोन तासांची, खऱ्या ट्रेलसाठी. नवख्या माणसाला आठवड्याला एवढं पुरतं. पाच-सहा दिवस पळण्याचे तक्ते बघून घाबरू नका. पहिल्या सहा महिन्यांत तीन दिवस नियमाने झाले तर शरीर व्यवस्थित घडतं.

मोठी खिडकी घेताना तेवढीच मोकळी खिडकी जोडीदारालाही मिळाली पाहिजे, त्याच आठवड्यात, त्याच कागदावर लिहून. “तुलाही हवं तेव्हा जा की” असं म्हणून भागत नाही, कारण ते “हवं तेव्हा” कधीच येत नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना ही अदलाबदल दुसऱ्या पालकाबरोबर किंवा शेजाऱ्यांबरोबर बसवावी लागते. एका शनिवारी त्यांची मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी तुमची त्यांच्याकडे.

पायरी २ : दारापासून दारापर्यंतचा हिशेब

सगळं गणित इथे जुळतं किंवा फसतं, म्हणून याला थोडा जास्त वेळ द्या.

समजा, शनिवारी सकाळी तुम्हाला १२० मिनिटं मोकळी आहेत. ट्रेल गाडीने २० मिनिटांवर आहे. जाऊन-येऊन ४० गेली. गाडी लावणं, नाडी बांधणं, चालत अंग मोकळं करणं यात १०. परत आल्यावर चिखलाचे बूट काढणं, अंघोळ आणि पुन्हा घरच्या कामाला लागण्यालायक होणं यात १५. उरली ५५ मिनिटं. तुमचं ट्रेल रनिंग दोन तासांचं नाही, ५५ मिनिटांचं आहे, आणि मार्ग त्या ५५ मध्ये बसेल असाच निवडायचा आहे. हा हिशेब एकदा केला की घरापासून ५ मिनिटांवरची साधी टेकडी ही तासभर दूरच्या सुंदर डोंगरापेक्षा किती कामाची असते ते आपोआप दिसतं. लांबचा डोंगर महिन्यातून एकदा ठेवा.

आता मार्गाला किती वेळ लागेल? स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरात चालणाऱ्यांसाठी अंदाज बांधून दिला होता: दर ३ मैलांना एक तास आणि चढाईच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. पळणाऱ्यांसाठी आज वापरात असलेली पद्धत याहून सोपी आहे. अंतराच्या किलोमीटरमध्ये दर १०० मीटर चढाईमागे १ किलोमीटर मिळवायचा. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशनही शर्यतींची वर्गवारी करताना हेच सूत्र वापरते.

उदाहरण घेऊ. मार्ग ६ किलोमीटरचा, एकूण चढाई २५० मीटर. ६ अधिक २.५ म्हणजे ८.५. रस्त्यावर आरामात पळताना तुम्हाला किलोमीटरला ७ मिनिटं लागत असतील, तर ८.५ गुणिले ७ म्हणजे साधारण ६० मिनिटं. वाट दगडांची, मुळांची किंवा चिखलाची असेल तर त्यावर आणखी १५ टक्के धरा. म्हणजे ६८-६९ मिनिटं. वरच्या ५५ मिनिटांच्या खिडकीत हा मार्ग बसत नाही. अशा वेळी जोर लावून बसवायला जाऊ नका. मार्ग कापा. एकूण चढाईचा आकडा नकाशाच्या ॲपमध्ये मार्ग आखला की मिळतो. तो बघताना सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या बिंदूंतला फरक घेऊ नका, वाटेतले सगळे छोटे चढ धरून होणारी बेरीज घ्या. लहान टेकड्यांच्या वाटेवर या दोन आकड्यांत दुपटीचा फरक सहज पडतो.

त्याच वाटेने जाऊन परत यायचं असेल तर परतीची वेळ निघण्याआधीच ठरवा आणि घड्याळात गजर लावा:

१. वाट आधी चढत असेल, तर उपलब्ध वेळेच्या निम्म्यावर मागे फिरा. उतरायला कमी वेळ लागतो, त्यामुळे शेवटी काही मिनिटं हाताशी राहतात. ती तशीच राहू द्या.

२. वाट आधी उतरत असेल, म्हणजे गाडी वर आणि ट्रेल खाली दरीत, तर ४० टक्के वेळ झाला की फिरा. ५५ मिनिटांत हे २२ व्या मिनिटाला येतं. आधी उतारावर मजेत गेलेलं अंतर परतताना थकल्या पायांनी चढायचं असतं, आणि नवखे नेमके इथे फसतात.

३. गजर वाजला की जिथे असाल तिथून फिरा. समोरचं वळण, दिसणारा माथा, “फक्त दोन मिनिटं” यांना भुलू नका.

गोल फेरीच्या मार्गावर मागे फिरण्याची सोय नसते. अर्ध्याच्या पुढे गेलात की पूर्णच करावी लागते. म्हणून एखादा मार्ग पहिल्यांदा बघायला जाताना वेळेची सर्वांत मोकळी सकाळ वापरा. गडबडीच्या दिवशी ओळखीचीच वाट बरी.

घरी सांगताना निघण्याची वेळ सांगण्यात अर्थ नाही, येण्याची सांगा. हिशेबात निघालेल्या वेळेवर १५ मिनिटं वाढवून सांगा. सोबत आणखी एक वेळ ठरवा: अमुक वाजेपर्यंत मी आलो नाही आणि फोनही लागत नाही, तर काळजी करायची आणि मदत मागायची. ती साधारण सांगितलेल्या वेळेनंतर एका तासाने ठेवा. मार्ग घरच्यांकडे पाठवूनच निघा, आणि आयत्या वेळी मार्ग बदललात तर पायथ्याशी असतानाच कळवा. उशीर होणार असं वाटलं की वर रेंज असतानाच निरोप धाडा; दरीत उतरल्यावर फोन हातात घेऊन उपयोग नसतो.

पायरी ३ : आदल्या रात्रीची तयारी

सकाळी अंधारात मोजे शोधताना १० मिनिटं जातात आणि घरही जागं होतं. आदल्या रात्री सगळं दाराजवळ एका पिशवीत ठेवा: कपडे, मोजे, बूट, भरलेली पाण्याची बाटली, चार्ज केलेला फोन, दिवा, गाडीची किल्ली, परतताना घालायला कोरडे कपडे, टॉवेल आणि चिखलाच्या बुटांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. कपडे दुसऱ्या खोलीत बदला म्हणजे मुलं उठत नाहीत.

पळण्याच्या कपड्यांबद्दल एवढंच: सुती नको, घाम धरून ठेवतं आणि घासतं. बाकी आहे ते चालेल.

बुटांवर मात्र खर्च करा. रस्त्यावरचे बूट सुक्या, सपाट मातीवर चालतात. घसारा, चिखल आणि उताराला तळव्याखाली उठावदार गोटे असलेले ट्रेलचे बूट लागतात. मिश्र वाटांसाठी ३ ते ४ मिलिमीटर उंचीचे गोटे पुरतात, चिखलाच्या वाटांना ५ किंवा त्याहून जास्त लागतात. संध्याकाळी बूट घालून बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात उताराची फळी असेल तर तिच्यावर उभं राहून खाली झुका. बोटं पुढे आदळत असतील तर तो बूट सोडा. उतारावर हेच आदळणं पुढे नखं काळी करतं.

बोटं आदळण्याचं दुसरं कारण बुटात नसतं, नाडीत असतं. टाच सैल राहिली की उतारावर पाऊल आतल्या आत पुढे सरकतं. बहुतेक धावण्याच्या बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं आणि बरेच जण ते रिकामंच ठेवतात. त्याचा उपयोग असा: नाडी नेहमीसारखी वरपर्यंत आणा. मग प्रत्येक टोक त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकातून बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. बाहेरच्या बाजूला छोटा फास राहू द्या. दोन्ही बाजूंना फास तयार झाले की उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं टोक उजव्या फासातून काढा. टाच बुटात मागे ठोकून बसवा, टोकं खाली आणि मागे ओढा, फास आवळले की गाठ मारा. उरलेली नाडी आडव्या नाड्यांखाली खोचा, नाहीतर काटक्यांत अडकते. बोटांजवळची नाडी सैल आणि घोट्याजवळची घट्ट, असं जमलं पाहिजे. पाऊल बधिर झालं तर मधला भाग फार आवळलाय असं समजा.

सोबत न्यायचं सामान तासाभराच्या फेरीलाही हे असावं: ऑफलाइन नकाशा घेतलेला फोन, शिट्टी, पातळ वाराबंद जाकीट, एक लवचीक पट्टी. एका तासापर्यंत पाव ते अर्धा लिटर पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ असेल तर तासाला साधारण अर्धा लिटर धरा, ऊन असेल तर वाढवा. दीड तासाच्या आतबाहेरच्या फेरीपासून खाण्याचा विचार करा: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. सकाळी लवकर उपाशीपोटी निघालात तरी तासभराच्या संथ फेरीला अडत नाही, फक्त रात्रीचं जेवण नीट झालेलं असलं पाहिजे.

मदत मागण्याचा शिट्टीचा संकेत घरच्यांनाही शिकवून ठेवा: एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटात तीन वेळा वाजवतो.

पायरी ४ : तीन दिवसांची आखणी

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. घरच्यांना तुम्ही मिनिटं कबूल केली आहेत आणि ट्रेलवर किलोमीटरला तसा अर्थही नसतो. वेगाऐवजी श्वासावर लक्ष ठेवा: पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय तोवर संथ, तीन-चार शब्दांवर दम लागतोय तर जोराचं. पहिल्या आठ आठवड्यांत बहुतेक सगळं पळणं पूर्ण वाक्याच्या वेगातच व्हायला हवं.

पहिला लहान दिवस चढासाठी. ट्रेल जवळ नसला तरी चढ मिळवता येतो: पूल, इमारतीचा जिना, पार्किंगचा उतार. ट्रेडमिल असेल तर ८ ते १२ टक्के चढ लावून जोरात चाला. १० मिनिटं संथ पळून मग ४५ सेकंद ते १ मिनिट चढ, चालत खाली, असं ६ वेळा. शेवटी ५ मिनिटं संथ. पहिले चार आठवडे चढ फक्त जोरात चालून करा, नंतर पळून. जिना वापरत असाल तर उतरताना कठडा हाताशी ठेवा.

दुसरा लहान दिवस २५ मिनिटं संथ पळणं आणि १२ मिनिटं ताकदीचा व्यायाम. हा व्यायाम घरातच, मुलं अवतीभोवती असताना होतो:

- पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय सावकाश, तीन सेकंद मोजत जमिनीकडे नेणं. प्रत्येक पायाला ८, असे २ संच. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार झेलतो. नेमकी तीच सवय इथे होते.
- पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच वर-खाली. आधी दोन्ही पायांवर १५, जमलं की एकेका पायावर १२, असे २ संच.
- कुशीवर कोपर टेकवून अंग उचलून धरणं, प्रत्येक बाजूला २० ते ३० सेकंद.
- एका पायावर तोल. दात घासताना ३० सेकंद उजव्या पायावर, ३० डाव्यावर. सोपं झालं की उशीवर. डोळे मिटून करायचं असेल तर भिंतीचा आधार हाताशी ठेवा.

हा शेवटचा प्रकार किरकोळ वाटतो, पण सोडू नका. पाऊल दगडावर वाकडं पडल्यावर घोट्याभोवतीचे स्नायू किती पटकन सावरतात, यावर मुरगळणं अवलंबून असतं, आणि ते सावरणं सरावाने सुधारतं. पूर्वी घोटा मुरगळला असेल तर हा व्यायाम रोज करा.

तिसरा, मोठा दिवस ट्रेलचा. पहिले दोन आठवडे ४५ ते ५० मिनिटं: सपाटीला ३ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, आणि प्रत्येक चढ चालत. तिसऱ्या आठवड्याला १० मिनिटं वाढवा. चौथ्याला कमी करा, एक तृतीयांश कापून. मग पुन्हा तसंच चढत्या क्रमाने जा आणि आठव्या आठवड्याला परत कमी करा. तिसऱ्या महिन्यात ७५ ते ९० मिनिटं ट्रेलवर घालवता आली तर उत्तम. घरच्या खिडकीत एवढं बसत नसेल तर ६० वरच थांबा आणि जास्त चढाईचा मार्ग निवडा. वेळ तेवढाच राहतो, काम वाढतं.

पायरी ५ : चढ, उतार आणि अंधार

चढावर चालणं म्हणजे हार नव्हे. मुरलेले ट्रेल रनरही तीव्र चढ चालतात. वाक्य तुटायला लागलं की चालायला लागा. पावलं आखूड, शक्यतो पूर्ण तळवा टेकवून, कमरेतून न वाकता सगळं अंग थोडं पुढे. फार तीव्र असेल तर हात गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवून ढकला.

उतार हाच खरा शिकण्याचा भाग आहे. भीतीने माणूस मागे रेलतो, पाय पुढे टाकतो आणि ताठ गुडघ्याने टाचेवर आदळतो. त्यामुळे टाच घसरते, मांड्या ब्रेक लावून लावून जळतात आणि गुडघ्याला हादरे बसतात. याच्या उलट करायचं. अंग उताराला काटकोनात येईल इतकं किंचित पुढे, गुडघे नरम, पावलं आखूड आणि भराभर, हात कोपरात वाकवून दोन्ही बाजूंना मोकळे. नजर पायाखाली नको, ३-४ मीटर पुढे ठेवा; पाऊल कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. ओलं मूळ आणि ओला गुळगुळीत दगड यांच्यावर पाय न देता पलीकडे टाका. घसाऱ्यावर पाऊल थोडं घसरू द्या, अडवायला गेलात की बसकण मारता. शिकायला ५० मीटरचा सौम्य उतार पुरतो: चालत वर, सावकाश पळत खाली, ६ ते ८ वेळा. वेग आपोआप येतो, मागायला जाऊ नका.

नव्या उतारानंतर मांड्या दुखणार. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं. तेच उतार पुन्हा केल्यावर दुखणं लक्षणीय कमी होतं, म्हणून पहिल्या दुखण्याला घाबरून उतार टाळू नका, फक्त पहिल्यांदा थोडाच करा.

घरातल्या वेळापत्रकामुळे पहाटेचा अंधार वाट्याला येतो. त्यासाठी नियम कडक ठेवा. उजेडात किमान तीनदा केलेलीच वाट अंधारात घ्या. कपाळावरचा दिवा २०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) किंवा जास्त, सोबत दुसरा छोटा दिवा किंवा जादा सेल. कपाळावरचा प्रकाश डोळ्यांच्या जवळून पडतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि वाट सपाट भासते. दिवा कमरेला बांधलात किंवा दुसरा हातात धरलात की सावल्या पडतात आणि उंचसखल कळतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते. अंधारातल्या फेरीसाठी हिशेबातल्या वेळेवर २० टक्के वाढवा. जंगली जनावरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात. जिथे त्यांचा वावर आहे तिथे अंधारात एकट्याने जाऊ नका, आणि वाट उघडण्याच्या वेळा पाळा.

विजा चमकत असतील तर वेळ मोजा. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर माथा आणि एकटं झाड सोडून खाली उतरा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. यात घरी उशीर झाला तर होऊ द्या.

पायरी ६ : मुलांना सोबत नेताना

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. मुलांबरोबरची फेरी मुलांची असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला २-३ किलोमीटर खूप होतात, दर दहा मिनिटांनी थांबावं लागतं, आणि पळायचं की काठी गोळा करायची हे तेच ठरवतं. त्या दिवशी घड्याळ बघितलंत तर दोघांचाही विरस होतो. ती फेरी तुमच्या तीन दिवसांत धरू नका.

स्वतःचं पळणं आणि मुलं एकाच ठिकाणी जमवायची असतील तर छोट्या फेरीची पद्धत वापरा. दीड-दोन किलोमीटरची गोल वाट निवडा, जी मैदानाजवळून किंवा बसायच्या जागेजवळून जाते. एक पालक मुलांसोबत, दुसरा फेऱ्या मारतो. दर १५ मिनिटांनी समोरून जातो, काही लागलं तर थांबतो. ४० मिनिटांनी अदलाबदल. दोघांचं पळणं होतं, दोनदा गाडीने जा-ये करावी लागत नाही.

धावण्याच्या बाबागाडीत बाळाला घेऊन पळणं बाळाची मान आणि पाठ सावरेपर्यंत, साधारण सहा ते आठ महिन्यांपर्यंत, टाळा आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. नंतरही रुंद, गुळगुळीत, सौम्य वाटाच. दगडांच्या ट्रेलवर बाबागाडी नेऊ नका. बाळंतपणानंतर आईने पळायला सुरुवात करताना किमान १२ आठवडे जाऊ द्यावेत, आणि ओटीपोटात जडपणा, वेदना किंवा लघवी गळणं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. आधी चालणं, मग जिना, मग सपाटी, आणि ट्रेल शेवटी.

पायरी ७ : आठवडा कोसळतो तेव्हा

मूल आजारी पडतं, कामाचं काहीतरी अंगावर येतं, पाहुणे येतात. हे गृहीतच धरा आणि आधीच ठरवून ठेवा की काय सोडायचं. एकच दिवस मिळणार असेल तर ट्रेलचा ठेवा. दोन मिळाले तर ट्रेल आणि चढ. ताकदीच्या व्यायामाला दिवस लागत नाही, चार मिनिटांचे तुकडे करून तो कधीही होतो.

बुडलेला दिवस भरून काढू नका. बुधवारचा चढ शुक्रवारी आणि शनिवारी ट्रेल, असं लागोपाठ केलं की पोटरी आणि टाच बोलायला लागतात. पूर्ण आठवडा गेला तर जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करा. दोन आठवडे गेले तर आखणीत दोन आठवडे मागे जा. महिना गेला तर पहिल्या आठवड्यापासून. शरीर या वेळी लवकर पकडतं.

रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर ट्रेल रद्द. झोप नसलेला पाय जमिनीपासून पुरेसा उचलला जात नाही आणि ठेच लागली तरी सावरायला उशीर होतो. त्याऐवजी झोपा किंवा घराजवळ २० मिनिटं चाला. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर पळणं बंद. नुसतं नाक गळत असेल तर संथ पळायला हरकत नाही.

घोटा मुरगळलाच तर तिथेच पाच मिनिटं बसा, मग उभं राहून बघा. डॉक्टर घोट्याचा एक्स-रे लागेल का हे ठरवताना ऑटावा नियम वापरतात आणि त्याचा सारांश माहीत असणं उपयोगी आहे: चार पावलं भार देऊन चालता येत नसेल, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेचं मधलं उंचवट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल तरीही दाखवा. चालता येत असेल तर पट्टी बांधून सर्वांत सोप्या वाटेने चालत परता. पळत नको, आणि घरी लगेच कळवा. एकाच ठिकाणी, बोट ठेवता येईल असं नडगीचं किंवा पावलाचं हाड काही दिवस दुखत राहिलं तर पळणं थांबवून तपासून घ्या.

पहिली शर्यत घेण्याआधी

तीन-चार महिने नियमाने झाले की १० ते १२ किलोमीटरची शर्यत खुणावते. नाव नोंदवण्याआधी तिचाही दारापासून दारापर्यंत हिशेब करा. १२ किलोमीटर आणि ४०० मीटर चढाई म्हणजे सूत्राने १६. किलोमीटरला ७ मिनिटं धरली तर ११२, वाट खडबडीत असेल तर १२९ मिनिटं. त्यात प्रवास, सुरुवातीआधीचा तास, क्रमांक घेणं, गाडी लावणं मिळवा. दोन तासांच्या शर्यतीला अख्खा दिवस जातो, हे आधी घरी सांगा. आयोजकांनी दिलेली कमाल वेळमर्यादा तुमच्या अंदाजापेक्षा किमान ३० मिनिटांनी जास्त असेल अशीच शर्यत निवडा. घरचे सोबत येणार असतील तर त्यांना दोनदा भेटता येईल असा मार्ग, सावली आणि स्वच्छतागृह आहे का ते विचारा. आणि शर्यतीनंतरच्या दोन दिवसांत मूल कडेवर घेऊन जिना उतरणं, जड पिशव्या आणणं, फरशी पुसणं ही कामं जोडीदाराशी आधीच बदलून घ्या, कारण मांड्या त्याच दोन दिवसांत सर्वांत जास्त दुखणार आहेत.